मिक्सरचा कन्व्हर्जन गेन सिम्युलेशनने काढताना: एकाच सर्किटचे चार आकडे का येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. (मिक्सर म्हणजे दोन सिग्नल गुणून फ्रिक्वेन्सी बदलणारे सर्किट; कन्व्हर्जन गेन म्हणजे नव्या फ्रिक्वेन्सीचे आउटपुट मूळ इनपुटच्या किती पट ते.) मॉसफेट वापरून दुहेरी संतुलित गिल्बर्ट मिक्सर रचला आहे. आरएफ (आत येणारा सिग्नल) २.४१ गिगाहर्ट्‌झ, एलओ (स्विचिंग करणारा स्थानिक ऑसिलेटर) २.४ गिगाहर्ट्‌झ आणि आयएफ (दोन्हींच्या वजाबाकीचे आउटपुट) १० मेगाहर्ट्‌झ आहे. खालच्या आरएफ जोडीतील प्रत्येक ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजमागे किती करंट बदलतो ते) १० मिलिसीमेन्स, प्रत्येक बाजूचा लोड रेझिस्टर ५०० ओहम, आणि एलओ म्हणून ३०० मिलिव्होल्ट पीकचा डिफरन्शियल (दोन तारांमधल्या फरकाचा) साइन दिला आहे. आरएफ इनपुट आदर्श बॅलनमधून (एका तारेवरचा सिग्नल डिफरन्शियल करणाऱ्या घटकातून) येते आणि गेटवर ५० ओहमचा डिफरन्शियल रेझिस्टर लावून ते सोर्सशी मॅच केले आहे. एसी ॲनालिसिसमध्ये गेन सुमारे उणे २९० डेसिबल येतो, ट्रान्झिएंटवर (काळानुसार वेव्ह काढणाऱ्या ॲनालिसिसवर) एफएफटी (वेव्हचे फ्रिक्वेन्सींत विभाजन) केल्यास ३.१, पीएसएस आणि पीएसी या जोडीने (एलओच्या आवर्ती अवस्थेभोवतीचे ॲनालिसिस, त्याबद्दल पुढे) ९.१, आणि हार्मोनिक बॅलन्समध्ये (स्थिर अवस्था थेट हार्मोनिकांत सोडवणाऱ्या पद्धतीत) पॉवरच्या गुणोत्तरातून उणे ३.९. यातला खरा कोणता?

शेवटचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते एकाच सर्किटचा एकच गुण तीन निरनिराळ्या व्याख्यांनी सांगत आहेत. पहिला आकडा मात्र गेनच नव्हे. मिक्सरच्या सिम्युलेशनमध्ये दिसणाऱ्या विसंगती बहुतेक वेळा सर्किटातल्या नसतात, हिशेबातल्या असतात: कोणते व्होल्टेज कशाने भागले, पीक घेतले की आरएमएस, एका बाजूचे मोजले की डिफरन्शियल, भाजकात सोर्सचे मूळ व्होल्टेज आहे की गेटवर प्रत्यक्ष पोचलेले. म्हणून सिम्युलेटर उघडण्याआधी अपेक्षित आकडा कागदावर काढावा, आणि सिम्युलेशनचे उत्तर त्याच्याशी जुळत नसेल तर फरकाचा हिशेब लागेपर्यंत पुढे जाऊ नये.

तो कागदावरचा हिशेब असा. खालची जोडी आरएफ व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करते आणि वरचे चार स्विचिंग ट्रान्झिस्टर तो करंट एलओच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा सरळ, एकदा उलट असा लोडमध्ये सोडतात. म्हणजे करंटला अधिक एक आणि उणे एक यांमध्ये उड्या मारणाऱ्या स्क्वेअर वेव्हने गुणले जाते. या वेव्हच्या मूळ हार्मोनिकचा आयाम ४ भागिले पाय इतका असतो. दोन साइन गुणल्यावर बेरजेची आणि वजाबाकीची अशा दोन फ्रिक्वेन्सी तयार होऊन प्रत्येकीच्या वाट्याला निम्मे येते, म्हणून उरते २ भागिले पाय, म्हणजे ०.६३७. त्याला ट्रान्सकंडक्टन्स आणि लोड रेझिस्टर यांनी गुणले की आपल्या सर्किटसाठी ०.६३७ गुणिले ५, म्हणजे ३.१८ पट, अर्थात १०.०६ डेसिबल मिळतात. व्याख्या लक्षात ठेवावी: गेटवरचे डिफरन्शियल आरएफ व्होल्टेज भाजक, आणि लोडवरचे डिफरन्शियल आयएफ व्होल्टेज अंश.

सिम्युलेशन ९.१ सांगते आहे, म्हणजे जवळजवळ एक डेसिबल कमी. हा फरकही कागदावर सापडतो. वरील सूत्र स्विचिंग क्षणार्धात होते असे धरते, पण एलओ साइन आहे. मॉसफेटची जोडी पूर्णपणे एका बाजूला कलायला समतोल स्थितीतील ओव्हरड्राइव्हच्या (गेट-सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितके वर असते त्याच्या) १.४१ पट डिफरन्शियल व्होल्टेज लागते. वरच्या ट्रान्झिस्टरांचा ओव्हरड्राइव्ह १५० मिलिव्होल्ट धरला, तर ही मर्यादा २१२ मिलिव्होल्ट होते. ३०० मिलिव्होल्टचा साइन उणे २१२ वरून अधिक २१२ पर्यंत जाताना उणे ४५ अंशांवरून अधिक ४५ अंशांपर्यंत सरकतो. म्हणजे प्रत्येक वेळी बाजू बदलताना आवर्तनाचा चौथा हिस्सा दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू असण्यात जातो. करंटची वेव्ह चौकोनी न राहता समलंब झाली असे मानले, तर मूळ हार्मोनिक ०.९ पट होतो, म्हणजे ०.९१ डेसिबलची घट. १०.०६ मधून ते वजा केले की ९.१५ उरतात. प्रत्यक्षात मॉसफेट जोडीची वक्ररेषा सरळ रेषा नसते आणि स्विचिंग जोड्यांच्या सामाईक सोर्स नोडवरील पॅरासिटिक (नको असताना आपोआप येणारी) कपॅसिटन्सही थोडा करंट खाते, त्यामुळे हा अंदाज ढोबळच समजावा. एलओ ६०० मिलिव्होल्ट केल्यास याच हिशेबाने घट सुमारे ०.२ डेसिबलवर यायला हवी. हे एकदा चालवून पाहावे. गेन तितका वाढला नाही, तर दोष स्विचिंगचा नसून दुसऱ्या कशाचा आहे.

आता उणे २९० डेसिबलकडे. एसी ॲनालिसिस सर्किटाचा डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढते, त्याभोवती प्रत्येक घटकाचे रेषीय रूप धरते आणि मग एकेका फ्रिक्वेन्सीला तेच समीकरण सोडवते. रेषीय, कालानुसार न बदलणाऱ्या सर्किटात २.४१ गिगाहर्ट्‌झ आत गेले तर २.४१ गिगाहर्ट्‌झच बाहेर येणार. फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोयच त्यात नाही. शिवाय डीसीमध्ये एलओची दोन्ही टोके एकाच व्होल्टेजवर असल्याने चारही स्विचिंग ट्रान्झिस्टर सारखेच चालू असतात आणि आरएफचे सरळ व उलट मार्ग एकमेकांना अचूक रद्द करतात. उणे २९० हा त्या वजाबाकीतून उरलेला संगणकाच्या अंकगणिताचा कचरा आहे. तरीही एसी ॲनालिसिसचा एक उपयोग होतो आणि तो फारसे कोणी करत नाही. एलओच्या दोन टोकांमध्ये ठोस डीसी फरक द्यावा, म्हणजे वरच्या जोड्या एका बाजूला पूर्ण कलतील आणि सर्किट साधा कॅस्कोड (एकावर एक ट्रान्झिस्टरांचा) ॲम्प्लिफायर बनेल. त्याचा गेन लो फ्रिक्वेन्सीला ५ पट, म्हणजे १३.९८ डेसिबल यायला हवा, त्यातून ३.९२ वजा केले की आदर्श १०.०६ मिळतात. हाच गेन २.४१ गिगाहर्ट्‌झला किती घसरतो ते पाहताना आउटपुटचे व्होल्टेज न पाहता लोडमध्ये पोचणारा करंट पाहावा, म्हणजे सामाईक नोडवर किती आरएफ गळते ते वेगळे कळते.

३.१ आणि ९.१ यांतला फरक सहा डेसिबलचा आहे, आणि सहा डेसिबलचा फरक दिसला की आधी पोर्टकडे (सिम्युलेटरमधला सोर्स आणि त्याचा रेझिस्टन्स) पाहावे. ट्रान्झिएंटमध्ये आपण २० मिलिव्होल्ट पीकचा साइन सोर्स आणि त्याच्या पुढे ५० ओहम असे जोडले आहे. गेटवर ५० ओहमच असल्याने तिथे १० मिलिव्होल्टच पोचतात. आउटपुटला २८.५ मिलिव्होल्ट मिळाले. ते २० ने भागले तर ३.१ डेसिबल, १० ने भागले तर ९.१. पोर्ट घटकाला दिलेला आयाम हा मूळ सोर्सचा की मॅच्ड लोडवरचा, याबाबत निरनिराळ्या सिम्युलेटरांची रीत निरनिराळी असते आणि एकाच सिम्युलेटरमधल्या दोन ॲनालिसिसमध्येही ती एकसारखीच असेल असे गृहीत धरू नये. त्यामुळे मी सोर्सच्या दिलेल्या आकड्याने कधीच भागत नाही. गेटच्या दोन नोडमधले व्होल्टेज त्याच सिम्युलेशनमधून वाचतो आणि त्याने भागतो.

उणे ३.९ हा पॉवर गेन आहे. गेटवरचे १० मिलिव्होल्ट पीक ५० ओहममध्ये म्हणजे १ मायक्रोवॅट, अर्थात उणे ३० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल). आउटपुटचे २८.५ मिलिव्होल्ट पीक १ किलोओहम डिफरन्शियल लोडमध्ये म्हणजे ०.४०६ मायक्रोवॅट, उणे ३३.९ डीबीएम. व्होल्टेज वाढले, पण रेझिस्टन्स वीसपट झाल्याने त्यातून १३ डेसिबल वजा होतात. पुढचा टप्पा चिपमधला उच्च इम्पिडन्सचा फिल्टर असेल तर व्होल्टेज गेन सांगणेच सयुक्तिक. मिक्सर स्वतंत्र भाग म्हणून ५० ओहमच्या केबलवर मोजला जाणार असेल, तर पॉवर गेन सांगावा आणि आउटपुटचे ५० ओहमवर रूपांतर करणारे जाळे सिम्युलेशनमध्येही घालावे. डायोड रिंग मिक्सरची ६–७ डेसिबल हानी ही नेहमी पॉवरची असते. तिची तुलना गिल्बर्टच्या व्होल्टेज गेनशी करून खूश होण्यात अर्थ नाही.

ट्रान्झिएंटबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण मोफत सिम्युलेटर वापरणाऱ्यांना बऱ्याचदा हाच मार्ग उपलब्ध असतो. पहिली गोष्ट फ्रिक्वेन्सींची निवड. एफएफटीच्या खिडकीत प्रत्येक टोनची आवर्तने पूर्णांकात बसली पाहिजेत, नाहीतर २.४ गिगाहर्ट्‌झच्या मोठ्या एलओची गळती सगळीकडे पसरते. २.४१ आणि २.४ यांचा सामाईक विभाजक १० मेगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे किमान खिडकी १०० नॅनोसेकंदांची. हीच आरएफ कोणी २.४१३७ गिगाहर्ट्‌झ ठेवली तर सामाईक विभाजक १०० किलोहर्ट्‌झवर येतो आणि खिडकी १० मायक्रोसेकंदांची होते. गेनमध्ये काहीही फरक नाही, वेळ मात्र शंभरपट. किमान खिडकी मात्र मी वापरत नाही. त्यात आयएफ पहिल्याच बिनवर (एफएफटीतल्या फ्रिक्वेन्सीच्या खान्यावर) येतो, आणि बायस अजून स्थिरावत असेल तर त्या सरकत्या पातळीचा मोठा भागही पहिल्याच बिनमध्ये पडतो. मग गेन म्हणून आपण बायसचे सरकणे मोजतो. ४०० नॅनोसेकंदांची खिडकी घ्यावी. तिच्यात आयएफ चौथ्या, एलओ ९६० व्या आणि आरएफ ९६४ व्या बिनवर येतो.

दुसरी गोष्ट स्थिरावण्याची. कपलिंग कपॅसिटर १ नॅनोफॅरड आणि बायस रेझिस्टर १० किलोओहम असेल तर टाइम कॉन्स्टंट १० मायक्रोसेकंद. त्याच्या पाचपट थांबायचे तर एलओची १,२०,००० आवर्तने वाया जातात. सिम्युलेशनपुरता कपलिंग कपॅसिटर १० पिकोफॅरड करावा, किंवा कपलिंगच काढून गेटला आदर्श सोर्समधून डीसी आणि साइन एकत्र द्यावे. स्थिरावले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये: लागोपाठच्या दोन खिडक्यांतून गेन काढावा आणि दोन्हींत डेसिबलच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त फरक असेल तर आणखी थांबावे.

तिसरी गोष्ट टाइम स्टेपची. एलओचे एक आवर्तन ४१७ पिकोसेकंदांचे आहे. कमाल स्टेप ८ पिकोसेकंद ठेवली तर आवर्तनात पन्नासेक बिंदू पडतात, आणि ही मर्यादा स्वतः लिहून द्यावी लागते. रिलेटिव्ह टॉलरन्सचे नेहमीचे मूल्य ०.००१ असते, ते किमान शंभरपट कडक करावे, कारण आपण ३०० मिलिव्होल्टच्या एलओशेजारी काही मिलिव्होल्टचा आयएफ शोधत आहोत. एलटीस्पाइस साठवताना वेव्हफॉर्म आकुंचित करते, ते प्लॉटविनसाइझ शून्य करून बंद करावे, नाहीतर एफएफटीतला नॉइज फ्लोअर सर्किटाचा नसून फाइल साठवण्याच्या पद्धतीचा असतो. एनजीस्पाइसमध्ये बिंदू असमान अंतरावर असतात, म्हणून एफएफटीपूर्वी लिनिअराइझ ही आज्ञा चालवावी लागते; ती मधल्या किमती सरळ रेषेने भरते, त्यामुळे मूळ बिंदू जितके दाट तितके बरे. याउपर एफएफटीचे उत्तर पीकमध्ये आहे की आरएमएसमध्ये, हे माहीत असलेला साइन त्याच पद्धतीने मोजून तपासावे. तीन डेसिबलचे कोडे पडले की कारण बहुधा तिथेच असते, आणि सहाचे पडले व पोर्ट निर्दोष असेल तर आउटपुटची एकच बाजू मोजली गेली आहे का ते पाहावे.

पीएसएस आणि पीएसी, म्हणजे स्पेक्टर आरएफमधली जोडी, हाच प्रश्न मुळातून वेगळ्या रीतीने सोडवते, आणि केवळ गेन हवा असेल तर मी तीच वापरतो. पीएसएस फक्त एलओ लावून सर्किटाची आवर्ती स्थिर अवस्था शोधते. पीएसी त्या बदलत्या अवस्थेभोवती रेषीय रूप धरते आणि आत गेलेली फ्रिक्वेन्सी एलओच्या प्रत्येक पटीने सरकून कुठे कुठे बाहेर येते ते सांगते. यात आरएफ सोर्सचा मोठ्या सिग्नलचा आयाम शून्य ठेवायचा आणि फक्त पीएसी मॅग्निट्यूड द्यायचा. तो १ व्होल्ट दिला तर सर्किट सॅच्युरेट होईल अशी भीती अनेकांना वाटते. होत नाही, कारण पीएसी पूर्णतः रेषीय आहे. त्याच कारणाने पीएसीतून कॉम्प्रेशनही (मोठ्या सिग्नलला गेन घटणे) कधी दिसणार नाही. आरएफ चुकून पीएसएसमध्येच टोन म्हणून गेली, तर मूळ फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्‌झऐवजी १० मेगाहर्ट्‌झ होते आणि प्रत्येक इटरेशनमध्ये एलओची २४० आवर्तने चालवावी लागतात. सिम्युलेशन अकारण मंद झाले की हे आधी तपासावे. याउलट एलओ ४.८ गिगाहर्ट्‌झला दोनने भागून मिळवला असेल, तर पीएसएसची मूळ फ्रिक्वेन्सी भागलेली, म्हणजे २.४ द्यायची; ४.८ दिली तर ते कन्व्हर्ज होणारच नाही.

साइडबँडचा, म्हणजे एलओच्या कितव्या पटीने सरकलेले आउटपुट पाहायचे याचा, क्रमांक निवडताना एक सापळा आहे. २.४१ आत दिल्यावर उणे एक क्रमांकाचा साइडबँड १० मेगाहर्ट्‌झला पडतो. शून्य क्रमांक निवडला तर आउटपुटवर गळलेली आरएफ दिसते आणि संतुलित सर्किटात ती इतकी क्षुल्लक असते की चूक लगेच कळते. अधिक एक निवडला तर मात्र ४.८१ गिगाहर्ट्‌झचे बेरजेचे उत्पादन मिळते, आणि लोडवर कपॅसिटर नसेल तर त्याचा आकडा आयएफइतकाच, तोच २ भागिले पाय असलेला, येतो. चूक दिसतच नाही. दोन्ही आउटपुटांमध्ये १.६ पिकोफॅरड लावावा. १ किलोओहमबरोबर त्याचा पोल (जिथून गेन घसरू लागतो ती फ्रिक्वेन्सी) सुमारे १०० मेगाहर्ट्‌झला येतो: आयएफला जेमतेम ०.०४ डेसिबलचा फटका, पण ४.८१ गिगाहर्ट्‌झ ३३ डेसिबलांहून अधिक खाली. मग चुकीचा साइडबँड स्वतःहून उघडा पडतो.

पीएक्सएफ (आउटपुटकडून इनपुटकडे पाहणारे, पीएसीच्या उलट ॲनालिसिस) उपलब्ध असेल तर आउटपुट १० मेगाहर्ट्‌झला स्थिर ठेवून कोणकोणत्या इनपुट फ्रिक्वेन्सी तिथे येऊन पडतात तेही एकदाच पाहून घ्यावे. २.३९ गिगाहर्ट्‌झची इमेज (एलओच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावरची फ्रिक्वेन्सी) आरएफच्याच गेनने येताना दिसेल. या रचनेत तिला अडवणारे काहीच नाही, ते काम फिल्टरचे किंवा क्वाड्रेचर रचनेचे. ७.२१ गिगाहर्ट्‌झवरून, म्हणजे एलओच्या तिसऱ्या हार्मोनिकमुळे, येणारा गेन आदर्श स्क्वेअर वेव्हला मूळच्या एक तृतीयांश, ९.५ डेसिबल खाली असतो. स्विचिंग जितके संथ, तितकी ही दरी रुंदावते, त्यामुळे एलओ पुरेसा जोरकस आहे का याचा हा चांगला निर्देशक ठरतो. मात्र ७ गिगाहर्ट्‌झला ट्रान्सकंडक्टन्स टप्पाही थकलेला असतो, तो वाटा वेगळा काढावा.

हार्मोनिक बॅलन्समध्ये, मग ते कीसाइटचे एडीएस असो की मोफत मिळणारे झाइस, दोन टोन घ्यावे: एलओला किमान १५ हार्मोनिक आणि आरएफला ३. पाच हार्मोनिकांत तीव्र स्विचिंगचा करंट नीट उभा राहत नाही आणि गेन थोडा सरकतो. हार्मोनिक दुप्पट करून पाहावे, उत्तर ०.०५ डेसिबलपेक्षा जास्त हलले तर मूळ संख्या अपुरी होती. ट्रान्झिएंट आणि हार्मोनिक बॅलन्स या दोन्हींत आरएफ पातळी खरीखुरी मोठी असते, म्हणून ती १० डेसिबलने खाली आणून आयएफही नेमका १० डेसिबलने खाली आला का हे पाहणे आवश्यक आहे. तो ९.८ ने आला तर आपण कॉम्प्रेशनमध्ये शिरलो आहोत. अस्थिर, दर वेळी वेगळा आकडा आला तर सिग्नल सिम्युलेटरच्या नॉइज फ्लोअरमध्ये बुडाला आहे. एक डेसिबल कॉम्प्रेशन पॉइंट हवा असेल तर हाच दोन टोनांचा हार्मोनिक बॅलन्स उणे ४० डीबीएमपासून वर सरकवावा.

एलओचा स्वीप मात्र प्रत्येक वेळी करावा, मग पद्धत कोणतीही असो. कमी पातळीला गेन एलओच्या प्रमाणात वाढतो, मग सपाट होतो, आणि आणखी वाढवल्यास पुन्हा घसरू लागतो, कारण एलओच्या शिखरांवर सामाईक नोडचे व्होल्टेज एलओच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीने वरखाली होऊन तिथल्या कपॅसिटन्सला चार्ज पुरवावा लागतो आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर सॅच्युरेशन सोडून ट्रायोड (कमी ड्रेन व्होल्टेजच्या) अवस्थेत जातात. काम सपाट भागाच्या सुरुवातीला ठेवावे. आपले ३०० मिलिव्होल्ट अजून चढावर आहेत. म्हणजे एलओ बफरची पातळी तापमानाने थोडी खाली आली तरी गेनही तिच्यामागे खाली येईल, आणि सपाट भागात काम ठेवले तर तो जवळजवळ तसाच राहील. हा स्वीप स्कीमॅटिकवर न थांबवता लेआउटमधून काढलेल्या पॅरासिटिकसह पुन्हा चालवावा, आणि पोस्ट-लेआउटमध्ये गेन घसरलेला दिसला तर सर्वप्रथम सामाईक सोर्स नोडवर किती फेम्टोफॅरड वाढले ते पाहावे, लोडकडे नंतर वळावे.